लिव्हरवरचा हात

१

शुक्रवारी सकाळी आल्माचा फोन आला तेव्हा मी अंडी तळत होतो. "ऑरिन, फोटो गेला," एवढंच ती म्हणाली. कुठला, हे विचारायची गरज नव्हती. अंडी तव्यावर तशीच सोडून मी निघालो.

आमच्या कार्व्हर गावात मॅरिडन कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. अर्ध्या गावाचं पोट त्यावर चालायचं आणि उरलेलं अर्धं गाव त्या अर्ध्याला पाव, बूट आणि बिअर विकून जगायचं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याला टाळं लागलं. मग गावाला जुन्या दिवसांचा उमाळा आला आणि बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात एक छोटं संग्रहालय निघालं. ते आल्मा हॅचर सांभाळते. विमा कंपनीत तपासनीस म्हणून तिची हयात गेली. कुणाचा गोठा आपोआप जळला आणि कुणाच्या गोठ्याला मालकाने हातभार लावला, हे ठरवण्यात तिची तरुणपणची वर्षं सरली, त्यामुळे माणसांवरचा तिचा विश्वास बेताचाच आहे. मी गावचं साप्ताहिक चालवतो. माझाही तसा बेताचाच.

कारखान्याचा फोटोग्राफर हॉलिस ब्रँट हिवाळ्यात वारला आणि त्याच्या भाचीने त्याची ट्रंक संग्रहालयाला दिली. आत पन्नासच्या दशकातल्या कारखान्याचे मोठे, स्वच्छ फोटो होते. कंपनीने दाबून ठेवलेला तो एक फोटोही त्यातच निघाला. तोवर तो कुणीच पाहिला नव्हता.

१९५५ साली मॅरिडनची दहा लाखावी गाडी निघणार होती. त्या एकाच गाडीला सोनेरी रंग दिला होता. फोटोत तिची बॉडी साखळ्यांना लटकलेली दिसते, खालच्या चासीवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, उतरायच्या बेतात. तिच्याखाली अर्धवट वाकून कॅझ नोविकी हा कामगार कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. उजवीकडे लिव्हरपाशी एक माणूस पाठमोरा उभा आहे. अंगात कामाचा डगला, टोपी कानांपर्यंत ओढलेली, डावा हात लिव्हरवर. फोटो निघाला आणि पाठोपाठ ती बॉडी घंटा न वाजताच खाली आली. कॅझ बाहेर पडू शकला नाही. कंपनीने पुढच्या आठवड्यात दुसरी बॉडी सोनेरी रंगवली, बँड लावला आणि समारंभ उरकून घेतला.

हा फोटो मी बुधवारच्या अंकात पहिल्या पानावर छापला होता. डावीकडची कड तेवढी छाटली, कारण तिथे खांबाला कुणाची तरी हॅट लटकत होती आणि नजर उगाच तिकडे जायची. छापखान्यातल्या पोऱ्याने विचारलं होतं, लिव्हरवरच्या हातावर धुळीचा पांढरा ठिपका आहे, खरवडू का? मी म्हटलं, राहू दे. खालची ओळ आल्माने लिहिलेली होती: "लिव्हरवर व्हर्जिल कोम्ब्स. अपघाताच्या काही क्षण आधी." लिव्हर त्याचा होता आणि गाव तेव्हापासून त्यालाच दोषी धरत आलं होतं.

संग्रहालयात फ्रेम जागच्या जागी टांगलेली होती, पण रिकामी. मागचे स्क्रू काढून पुन्हा नीट बसवले होते. दाराच्या कुलपाला ओरखडासुद्धा नव्हता. किल्ल्या दोन. एक आल्माकडे आणि दुसरी युनियनच्या हॉलमध्ये खिळ्याला, कारण स्टेशनला रंग युनियनच्या म्हाताऱ्यांनी दिला होता. तिथे कुणीही आत शिरावं आणि ती उचलावी. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं.

डॉटच्या हॉटेलात तोवर निकालही लागून गेला होता. व्हर्जिलच्या मुलीने पुरावा पळवला म्हणे. लोरीन कोम्ब्स गुरुवारी फोटो टांगताना येऊन गेली होती हे खरं. ती फोटोसमोर उभी राहिली, खालची ओळ वाचली आणि आल्माला म्हणाली, "ही ओळ उतरेपर्यंत मी इथं पाय ठेवणार नाही."

मी तेच बोलून दाखवलं. आल्माने रिकाम्या फ्रेमखाली बोट दाखवलं. ओळ लिहिलेला पुठ्ठा तिथेच होता.

"तिचं भांडण ओळीशी होतं," आल्मा म्हणाली. "चोराचं फोटोशी आहे. ओळ त्याला चांगलीच मानवलेली दिसते."

२

लोरीन आम्हाला भेटली ती वृद्धाश्रमात, बापाच्या उशाशी. ती शाळेत तिसरीला शिकवते. आम्ही दारात दिसताच तिने हातातली वाटी खाली ठेवली.

व्हर्जिल कोम्ब्स खिडकीकडे तोंड करून पडला होता. वसंतात पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची वाचा गेली, पण ऐकू सगळं येत होतं आणि कळतही होतं. बुधवारी कुणीतरी माझं साप्ताहिक त्याच्या पांघरुणावर ठेवून गेलं. त्याने पहिलं पान पाहिलं, तोंड खिडकीकडे फिरवलं आणि तेव्हापासून घास घेतलेला नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर फार दिवस नाहीत," लोरीन म्हणाली. "ऑरिन, तुझ्या पेपरचा खप वाढला असेल ना?"

पेपरच्या धंद्यात कातडी जाड होते म्हणतात, पण त्या खोलीत माझी झाली नाही.

आल्माने सरळ विचारलं की फोटो तू नेलास का. लोरीन रागावली नाही. तो फोटो हरवला याचं गावात सगळ्यात जास्त दुःख मलाच आहे, असं ती म्हणाली. तिचा बाप केंटकीच्या डोंगरातून पोटासाठी मिशिगनला आला होता. गावाने त्याला कायम रानटी आणि दारुडा ठरवलं, आणि दारूला तर त्याने कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी मी संडासला गेलो होतो, लिव्हरवर मी नव्हतो, हे तो पहिल्यापासून सांगत आला. कुणी ऐकलं नाही. नोकरी गेली. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. शाळेत पोरं लोरीनच्या मागे घंटेचा आवाज काढत फिरायची.

"पाठमोरा माणूस बाबा नाहीत. पण हे मी कशावरून दाखवू? पाठीवर काय नाव लिहिलेलं असतं? फोटो होता तोवर निदान बघत तरी बसता आलं असतं."

ती हे बोलत असताना व्हर्जिलचा हात पांघरुणावर चाळवला. लग्नाच्या अंगठीवर पांढरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली होती. लोरीनने तिचं सुटलेलं टोक दाबून बसवलं.

"नर्स रोज काढते, हे रोज हट्ट करून परत लावून घेतात," ती म्हणाली. "अंगठी हरवेल म्हणून घाबरत असतील."

आल्मा त्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिली. मग व्हर्जिलच्या कानाशी वाकून तिने विचारलं, "तुम्ही संडासला गेलात तेव्हा लिव्हरवर कोण होतं, मिस्टर कोम्ब्स? ते तुम्हाला ठाऊक आहे, हो ना?"

व्हर्जिलने डोळे मिटून घेतले.

३

एमेट क्रँडल त्या काळी गाड्या जोडायच्या लाइनचा फोरमन होता. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या स्वप्नात तो अजून ओरडत येतो. ऐंशी उलटली तरी ताठ, अंगणात आपली जुनी मॅरिडन पुसत उभा होता. मी सवयीने गाडीला टेकायला गेलो, तर त्याने हातातलं फडकं माझ्या छातीला लावून मला जागीच थांबवलं.

"आधी पट्टा काढ."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण तो गंभीर होता. पट्ट्याचं बक्कल रंगावर एकदा घासलं की सगळी मेहनत मातीत, म्हणाला. माझ्या लाइनवर रंगवलेल्या बॉडीजवळ येणाऱ्या प्रत्येकाचं बक्कल फिरवून कुशीला असायचं किंवा फडक्याने झाकलेलं. घड्याळ घरी. अंगठी निघत नसेल तर वर पट्टी.

"उघडी अंगठी दिसली की मी त्याच पावली घरी पाठवायचो. मग तो माझा मेहुणा असला तरी. एकदा होताच." त्याने आपले गॅलस, पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे, ओढून दाखवले. "मी स्वतः आजही बक्कल वापरत नाही."

आल्माने अपघाताचं विचारलं तेव्हा त्याचं फडकं थांबलं. तो नाराजीने बोलला, पण काही लपवतो आहे असं वाटलं नाही. लाइनवरच्या माणसाला जागा सोडायची झाली तर बदली माणूस यावा लागे, तोवर हलता येत नसे. त्या दिवशी सोनेरी गाडीच्या समारंभाच्या फोटोसाठी गर्दी हवी म्हणून सगळी बदली माणसं त्याने स्वतः फाटकाशी नेऊन उभी केली होती. तो तिथेच साहेबांच्या टोप्या ओळीत लावत असताना अपघाताचा भोंगा झाला.

"म्हणजे व्हर्जिलला संडासला जायचं असतं तर बदलीला कुणीच नव्हतं," आल्मा म्हणाली.

"नव्हतं. ते माझं चुकलं, तेवढं माझ्या नावावर लिही. पण चौकशीत मी त्याला विचारलं ना. बाबा रे, तू नव्हतास तर लिव्हरवर कोण होतं, नाव सांग. तर त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. मी वर काय कळवायचं होतं? भूत होतं म्हणून?"

परत निघालो तेव्हा मी म्हटलं की बदली माणसं यानेच हलवली, लिव्हरही यानेच धरला असणार. मजूर होता तेव्हा त्याने तेच काम केलेलं होतं. फोरमनने कामगाराच्या कामाला हात लावला असता तर युनियनने त्याला फाडून खाल्लं असतं, म्हणून लपवलं.

संग्रहालयात पोचताच आल्मा भिंतीवरच्या एकेका फोटोपुढे भिंग घेऊन उभी राहू लागली. दारं बसवणारे, काचा पुसणारे, बॉडीला वाट दाखवणारे, कितीतरी हात. ज्या ज्या बोटात अंगठी असावी, त्या बोटावर पट्टी होती. कुठे फडकं, कुठे कातडी टोपण. एमेट दोन फोटोंत होता, दोन्हींत बोटांत अंगठीच नाही आणि खांद्यावर गॅलस.

मग तिने माझा बुधवारचा अंक टेबलावर पसरला आणि भिंग लिव्हरवरच्या हातावर धरलं.

"ऑरिन," ती म्हणाली, "हा ठिपका धुळीचा नाही. मूळ फोटोतही इथे चमक होती, मला आठवतेय. फ्लॅशमध्ये चमकलेली उघडी अंगठी आहे ही."

४

म्हणजे लिव्हरवरचा माणूस लाइनवरचा नव्हता आणि एमेटही नव्हता. मला हे पटलं, पण आल्माने मला आनंद साजरा करू दिला नाही. फोटो हाती नसताना हे सांगितलं तर गाव म्हणेल, पेपरातला डाग दाखवून खुनी बदलताय. फोटो हवाच होता, आणि तो शनिवारच्या आत हवा होता. व्हर्जिल किती दिवस काढेल याचा भरवसा नव्हता.

हलिना नोविकी ही कॅझची विधवा. गुरुवारी तीही संग्रहालयात आली होती आणि हा फोटो मला द्या म्हणून मागे लागली होती. आम्ही गेलो तेव्हा ती पिएरोगी, पोलंडकडच्या करंज्या, लाटत होती. चोरीचं नाव काढताच तिने पिठाचे हात कमरेवर ठेवले.

"चोरायचा असता तर तुमच्या नाकासमोरून काढून नेला असता. माझा नवरा आहे त्यात. मला कोण अडवणार होतं?"

आम्ही खुर्च्या ओढून बसलो. कॅझचा असा हसतानाचा दुसरा फोटो घरात नव्हता. लग्नाच्या फोटोत तो घाबरलेला दिसतो. तिने आम्हाला खायला वाढलं आणि आल्माने हळूहळू तिला त्या दिवसांकडे वळवलं.

कॅझ घरी येऊन व्हर्जिलच्या नकला करायचा. बॉडी खाली सोडायच्या आधी लिव्हरवाल्याने घंटा वाजवायची, खालच्याने हात वर करायचा, मग लिव्हर. व्हर्जिल एकदा वाजवायच्या जागी दोनदा वाजवायचा, खाली चिटपाखरू नसलं तरी. लाइनवर त्याला पाद्री म्हणायचे.

"मग त्या दिवशी त्याने घंटा वाजवली नाही, हे तुम्हाला खरं वाटलं?" आल्माने विचारलं.

हलिनाने पीठ पुन्हा मळायला घेतलं. "मला कुणावर तरी रागवायचं होतं गं," ती म्हणाली. "वॉल्टने सांगितलं की व्हर्जिल होता. वॉल्टने शवपेटीला खांदा दिला. व्हर्जिल चर्चच्या बाहेर उभा होता, आत आला नाही. मला वाटलं, शरमेने आला नाही. त्याच्या बायकोला मी दुकानात ओळख दिली नाही, ती मरेपर्यंत."

मी ताट बाजूला सारलं. आम्ही उठलो. दारात आल्मा थांबली.

"वॉल्टने सांगितलं, म्हणालात. वॉल्टला कुणी सांगितलं होतं?"

५

वॉल्ट डेग्नर म्हणजे गावाचा वॉल्टकाका. त्या काळी तो कारखान्यात युनियनचा प्रतिनिधी होता, पुढे बरीच वर्षं अध्यक्ष. लाइन सोडून तो दिवसभर कारखाना फिरायचा, कामगारांची गाऱ्हाणी ऐकायचा आणि साहेबांशी भांडायचा. गावात कुणाचं छप्पर गळो की कुणाचा पोरगा तुरुंगात जावो, पहिला फोन वॉल्टला जातो. माझ्या आईच्या आजारपणात त्याने आमच्या दारातला बर्फ उपसला होता. त्याच्याकडे संशयाने बघणं मला जड जात होतं.

युनियन हॉलमध्ये त्याने आम्हाला कॉफी दिली. भिंतीवर त्याचा जुना मोठा फोटो आहे, फाटकाशी भाषण करतानाचा, कामाच्या डगल्यात, डावी मूठ उंचावलेली. लाइनवरचं काम सुटलं तरी त्याने डगला सोडला नाही, मी तुमच्यातलाच आहे हे दिसावं म्हणून.

तो मोकळेपणाने बोलला. व्हर्जिलला ओतशाळेच्या भट्टीतून काढून लिव्हरवर आणलं ते त्यानेच, फोरमनशी भांडून. आधी तो स्वतः लिव्हरवर होता, व्हर्जिलला काम त्यानेच शिकवलं. अपघातानंतर व्हर्जिलची बाजूही त्यानेच मांडली आणि हरला.

"त्या दिवशी सकाळभर मी ऑफिसात साहेबांशी घासाघीस करत होतो," तो म्हणाला. "लाइनवर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. भोंगा ऐकून धावलो, तोवर संपलं होतं."

आल्माने विचारलं की संग्रहालयात आलात का. नाही, गुडघा दुखतोय, उद्या सगळ्यांबरोबरच येईन, तो म्हणाला. फोटो पेपरात पाहिला तेवढाच. किल्लीचं म्हणशील तर ती बघ खिळ्याला, कुणी नेली असेल देव जाणे.

"जाऊ दे तो फोटो," आम्ही उठता उठता तो हसून म्हणाला. "हॉलिस काय मोठा फोटोग्राफर होता? आपलीच हॅट खांबाला टांगायची आणि तिच्यासकट फोटो काढायचा. असलं ध्यान."

मीही हसलो. आल्मा हसली नाही. ती भिंतीवरच्या त्या मुठीकडे बघत होती.

बाहेर येऊन तिने माझी बाही धरली. "ऑरिन, तुझ्या पेपरात हॅट होती का?"

हॅट मी छाटली होती.

६

संध्याकाळी आम्ही वॉल्टच्या घरी गेलो. तो स्वयंपाकघरात एकटाच सूप पीत बसला होता. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली, पण अंगठी अजून बोटात होती. आल्माने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. गोड बोलणं तिला जमत नाही.

"ती हॅट छापलेल्या फोटोत नाही, वॉल्ट. ती दोनच ठिकाणी दिसते. एक, आमच्या भिंतीवर. दोन, त्या दिवशी त्या लिव्हरपाशी उभं राहिलं तर. या दोन्ही जागी आपण नव्हतो असं तुम्ही आज दुपारी सांगितलंत."

वॉल्टने चमचा खाली ठेवला.

"लिव्हरवरच्या हातात उघडी अंगठी आहे," ती पुढे म्हणाली. "लाइनवरचा माणूस ती झाकतो. साहेब लोक उघडी घालतात, पण डगला घालत नाहीत आणि लिव्हर चालवता येत नाही त्यांना. डगला घालून, उघड्या अंगठीने सगळीकडे फिरणारा आणि लिव्हर येणारा एकच माणूस त्या कारखान्यात होता. आणि एकाच माणसासाठी व्हर्जिल गप्प बसला असता. ज्याने त्याला भट्टीतून बाहेर काढलं त्याच्यासाठी."

मला वाटलं होतं तो चिडेल, हसण्यावारी नेईल. निदान मला तसं व्हायला हवं होतं. वॉल्ट उजव्या हाताने डावा हात धरून बसला आणि त्याचं म्हातारपण एकदम दिसायला लागलं.

"व्हर्जिल पोट धरून कळवळला होता रे," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "बदलीला कुणी नाही. मी म्हटलं, जा, मी धरतो, मला काय नवीन आहे? हॉलिसने फोटो काढला. मग वरून कुणीतरी ओरडलं, सोड, सोड, साहेब वाट बघताहेत. माझ्या हाताने लिव्हर खेचला. घंटा विसरलो. सवय सुटली होती."

"आणि व्हर्जिल?"

"आठवड्याभरात कराराचं मतदान होतं. मी लिव्हरवर होतो हे कळलं असतं तर कंपनीने युनियनचं नरडं धरलं असतं. मी त्याला म्हटलं, मतदान होईपर्यंत गप्प रहा, मग मी सगळं सांगतो आणि तुला परत आणतो. तो हो म्हणाला." वॉल्टने सूप बाजूला सारलं. "मतदान जिंकलो. मग निवडणूक आली. मग माझी बायको आजारी पडली. दर वेळी काहीतरी होतंच. त्याने एकदाही येऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"त्याच्या बायकोने लोकांच्या कपड्यांच्या इस्त्रीवर दिवस काढले," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. ज्याने माझ्या आईच्या दारातला बर्फ उपसला त्याच्यावर मी ओरडत होतो. "आणि तुम्ही कॅझला खांदा दिलात."

तो उठला, कपाटामागून पुठ्ठ्यात गुंडाळलेला फोटो काढला आणि आल्मापुढे ठेवला. पेपरात फोटो पाहून गुरुवारी संध्याकाळी तो किल्ली घेऊन गेला होता. मोठ्या फोटोत अंगठी स्वच्छ दिसत होती. उद्घाटनाला लाइनवरचे सगळे म्हातारे येणार, आणि त्यांच्यातला एक जरी विचारता झाला की हा कुणाचा उघडा हात, तर संपलं.

"जाळला का नाहीत?" आल्माने विचारलं.

"कॅझ हसतोय त्यात," वॉल्ट म्हणाला. "स्टोव्ह पेटवला होता. नाही जमलं."

आल्माने फोटो काखेत घेतला. उद्या सकाळी उद्घाटनाच्या आधी तुम्ही वृद्धाश्रमात या, ती म्हणाली. आला नाहीत तर फोटोखालची ओळ मी लिहीन. आलात तर ती तुम्ही लिहा.

७

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला, इस्त्रीचा कोट घालून. खोलीत लोरीन होती, हलिना होती, आणि दाराशी एमेट क्रँडल, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं. आल्माने फोटो व्हर्जिलच्या पायाशी उभा केला होता.

वॉल्टने सांगितलं. फार वेळ लागला नाही. मी पेपरवाला, पण मी लिहून घेतलं नाही. हलिना मधेच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एमेट टोपी हातात घेऊन आपल्याच बुटांकडे बघत होता.

लोरीन वॉल्टकडे वळलीच नाही. ती बापाकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "बाबा, आईने हात भाजून घेतले, मला पोरांनी छळलं, आणि तुम्ही याला दिलेला शब्द पाळत बसलात? आम्हाला काही दिलाच नव्हता का?"

व्हर्जिलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही, आणि तिलाही कळलं असेल असं वाटत नाही.

वॉल्टने पुढे होऊन हात पुढे केला, डावा, अंगठीचा. तो तसाच हवेत राहिला. व्हर्जिलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने आपला हात पांघरुणावरून सावकाश लोरीनच्या बाजूला सरकवला आणि चिकटपट्टीचं बोट तिच्यापुढे धरलं.

तिला वाटलं, टोक सुटलंय. ती दाबायला गेली, तर त्याने बोट मागे घेतलं आणि पुन्हा पुढे केलं. मग एमेट दारातून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सोड ती पट्टी, पोरी. पाळी संपल्यावर आम्ही सगळे सोडायचो."

लोरीनने पट्टी उलगडली. खालची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि अंगठीवर एक ओरखडा नव्हता. व्हर्जिलने तो हात पांघरुणावर उताणा-पालथा करून पाहिला आणि सगळ्यांना दिसेल असा छातीवर ठेवला.

लोरीनने डोळे पुसून टेबलावरची वाटी उचलली, चमचा भरला आणि त्याच्या ओठांशी नेला. त्याने तोंड उघडलं.